परत बोलावलेल्या गाड्या

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधल्या काळात नुसती धावपळ चालली होती आणि खरं सांगायचं तर लिहिण्यासारखं काही सुचतही नव्हतं. मग दिवाळीच्या आधी घरी एक पत्र आलं. त्या पत्रावरून आमच्या घरात जे बोलणं झालं, ते विसरायच्या आत लिहून ठेवावं असं वाटलं.

पत्र आमच्या गाडीच्या कंपनीचं होतं. गाडीला चार वर्षं झालीत. पत्रात म्हटलं होतं की तुमच्या गाडीच्या मागच्या बाजूच्या आडव्या दांड्याचं एक वेल्डिंग कच्चं असण्याची शक्यता आहे, तरी गाडी तपासणीसाठी आणावी, काम निघालंच तर खर्च आमचा. (कंपनीचं नाव विचारू नका. पत्र पाठवलं एवढ्याबद्दल तरी मी त्यांच्यावर राग धरलेला नाही.) पत्र वाचून बायको म्हणाली, "म्हणजे चार वर्षं आपण पोरांना घेऊन ह्याच गाडीतून गावाला जात होतो?" मी म्हटलं, "अगं, निदान सांगतायत तरी!" दोघांचंही बरोबर होतं.

मोठे काका तेव्हा आमच्याकडे मुक्कामाला होते. नातेवाईक मंडळींना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. आमचे मोठे काका एसटीच्या चिकलठाणा वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आयटीआय करून 1980 च्या सुमारास चिकटले आणि तिथेच तीस-बत्तीस वर्षं काढली. काम बॉडीचं. म्हणजे पत्रा कापणं, वाकवणं, बसवणं आणि रिव्हेट मारणं. जन्मभर त्या रिव्हेटच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे आजही घरात बोलले तरी शेजाऱ्यांना ऐकू जातं!

काकांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "ह्याला रिकॉल म्हणतेत का? आम्ही जन्मभर हेच केलं की रे. फक्त पत्र कुणाला पाठवलं नाही."

मी हसलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

ही रिकॉलची पद्धत मुळात आली अमेरिकेतून. 1965 साली राल्फ नेडर नावाच्या वकिलाने मोटारींच्या असुरक्षित बनावटीवर एक पुस्तक लिहिलं, त्याने बराच गदारोळ झाला आणि 1966 मध्ये तिथे वाहन सुरक्षेचा कायदा आला. गाडीच्या रचनेत दोष निघाला तर तो मालकाला कळवण्याची जबाबदारी कारखान्यावर आली. सगळ्यात गाजलेलं प्रकरण फोर्डच्या पिंटो गाडीचं. तिची पेट्रोलची टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे होती. मागून धडक बसली की टाकी पुढे ढकलली जायची, फुटायची आणि गाडी पेट घ्यायची. 1978 साली फोर्डने सुमारे 15 लाख गाड्या परत बोलावल्या. दुरुस्ती काय, तर टाकीला प्लास्टिकचं एक संरक्षक आवरण आणि पेट्रोल भरायची थोडी लांब नळी! पण तेवढं होईपर्यंत गाडी बाजारात येऊन सात-आठ वर्षं झाली होती, माणसं भाजली होती, खटले उभे राहिले होते.

आपल्याकडे हे सगळं फार उशिरा आलं. 2012 मध्ये मोटार उत्पादकांच्या संघटनेने स्वतःहून गाड्या परत बोलावण्याची नियमावली केली, ती पूर्णपणे ऐच्छिक. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, 110अ हे नवं कलम आलं आणि त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. म्हणजे अमेरिकेनंतर पंचावन्न वर्षांनी! आता दोषाच्या तक्रारी ठराविक प्रमाणात आल्या, किंवा चाचणी संस्थेकडून वा दुसऱ्या कुठल्या मार्गाने दोष कळला, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. अट अशी की गाडी सात वर्षांच्या आतली पाहिजे.

हे सगळं मी काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सात वर्षं? एसटी सात वर्षांत तर नुसती रस्त्याला सरावते."

बाहेरच्या लोकांना आमचं शहर म्हटलं की वेरूळ-अजिंठा आणि बीबी का मकबरा आठवतो. गाड्यांशी संबंध सांगायचा तर लोक वाळूजचं बजाज सांगतात, जे 1985 मध्ये आलं, किंवा शेंद्र्याचं स्कोडा सांगतात, जे 2001 मध्ये सुरू झालं. पण जालना रोडवर चिकलठाण्याला एसटीचं जे वर्कशॉप आहे, तिथेही गाड्या तयार होतात, हे शहरातल्या कितीतरी लोकांच्या लक्षातच येत नाही. एसटीच्या अशा मध्यवर्ती कार्यशाळा तीन. पुण्याला दापोडी, नागपूरला हिंगणा आणि आमचं चिकलठाणा. तुम्ही-आम्ही ज्या लाल डब्यातून शाळा-कॉलेजं केली, लग्नाची वऱ्हाडं नेली, त्यातले कितीतरी डबे इथे जन्मलेले.

लहानपणी खंडेनवमीला काका आम्हा भावंडांना वर्कशॉप दाखवायला न्यायचे. यंत्रांना झेंडूच्या माळा, गुलाल, नारळ, पेढे. पण मला आठवतात त्या उघड्या चासी. चासी म्हणजे बसचा नुसता सांगाडा. खाली चाकं, दोन लांब लोखंडी कैच्या, पुढे इंजिन आणि स्टिअरिंग. कारखान्यातून ड्रायव्हर त्या तशाच चालवत आणायचे. हायवेवर तुम्हीही पाहिलं असेल, ऊन-वाऱ्यात डोक्याला फडकं बांधून, ना टप ना दार, एकटाच माणूस चासी हाणत चाललेला. मला ते तेव्हा फार शौर्याचं वाटायचं. ती चासी चिकलठाण्यात आली की तिच्यावर जमीन, खांब, टपाच्या कमानी, पत्रे, खिडक्या, बाकडी असं सगळं चढायचं आणि महिन्या-दोन महिन्यांनी ती "एसटी" होऊन बाहेर पडायची.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. मोटारगाडीची बनावट एका कंपनीची असते. दोष निघाला तर कुणाला धरायचं ते ठरलेलं असतं. बसचं तसं नाही. चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची, चालवणारा तिसरा, आणि आत बसलेले पन्नास जण कुणाचेच नाहीत.

आता थोडा इतिहास. कंटाळू नका, फार लांबवत नाही.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आमच्याकडची सरकारी बस पुण्या-मुंबईकडच्या एसटीपेक्षा जुनी! निजामाच्या रेल्वेनेच 1932 साली रस्ते वाहतुकीचं खातं काढलं, 27 बस आणि 166 माणसं घेऊन. तिकडे मुंबई राज्याची पहिली एसटी 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) धावली. 1956 मध्ये मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला आणि 1961 मध्ये मराठवाडा, विदर्भ आणि मुंबई अशा तिन्हीकडच्या सरकारी बससेवा मिळून आजचं महामंडळ झालं.

त्या पहिल्या एसट्या निळ्या-रुपेरी रंगाच्या बेडफोर्ड होत्या आणि त्यांची बॉडी चक्क लाकडी होती. आत काथ्याची आसनं. लाकूड धक्के सोसायचं, पण पावसापाण्याने कुजायचं आणि आदळलं की फुटायचं. म्हणून मग मजबुतीसाठी लोखंडी बॉडी आली. तर लोखंडाला गंज! कोकणातली खारी हवा आणि तिथला पाऊस. वरून रंग चांगला दिसतोय आणि आत खांबाचा चुरा होतोय, असं व्हायला लागलं. त्यावर तोड म्हणून 1960 च्या सुमारास ॲल्युमिनियम आलं. त्याच सुमाराला रंगही बदलून लाल झाला. म्हणजे आपण ज्याला "लाल डबा" म्हणतो, तो जन्मला लोखंडाच्या गंजावर उपाय म्हणून.

ॲल्युमिनियमचे फायदे खरे होते. वजन लोखंडाच्या एक तृतीयांश. गंजत नाही. कापायला, वाकवायला सोपं, रिव्हेटने जोडता येतं, एखादा पत्रा फाटला तर तेवढाच काढून दुसरा बसवता येतो. ज्या संस्थेला हजारो गाड्या वर्षानुवर्षं खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर चालवायच्या आहेत, तिला अजून काय पाहिजे? पुढची पन्नासेक वर्षं एसटीची बॉडी म्हणजे ॲल्युमिनियम हेच समीकरण होतं. काकांची सगळी नोकरी त्या काळात गेली.

मग 2010 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात महामंडळाने ठरवलं की ॲल्युमिनियम बंद, आता माइल्ड स्टील. कारण उघड सांगितलं गेलं होतं. अपघातात ॲल्युमिनियमची बॉडी जास्त चेपते आणि फाटते, त्यात प्रवाशांना इजा होते, स्टीलचा सांगाडा जास्त तग धरतो. नव्या गाड्या तर स्टीलच्या झाल्याच, पण जुन्या गाड्याही तिन्ही वर्कशॉपमध्ये परत बोलावून, ॲल्युमिनियमची बॉडी उतरवून, त्याच चासीवर स्टीलची चढवायचं काम टप्प्याटप्प्याने सुरू झालं. चिकलठाण्यातही.

मंडळी, ह्याला रिकॉल नाही तर काय म्हणायचं? गाडीच्या सांगाड्यात उणीव आहे हे मान्य करून गाड्या परत घेणं आणि त्या बदलून देणं. काकांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. फक्त पत्र कुणाला गेलं नाही, कारण पत्र पाठवायला प्रवाशाचा पत्ता कुणाकडे असतो?

पण मी इथे एक मूर्खपणा केला. जे लिहायला बसलोय ते खरं तर हेच. बोलण्याच्या भरात मी काकांना म्हणालो, "म्हणजे तुम्ही तीस वर्षं ज्या बॉड्या बांधल्या, त्या सगळ्या डिफेक्टिव्हच निघाल्या की!"

काका काही बोलले नाहीत. चहा संपवला, पेपर उघडला. काकांना गप्प बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. रात्री बायको मला म्हणाली, "एखाद्या माणसाच्या आयुष्याला डिफेक्टिव्ह म्हणून मोकळा झालास." मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतःच बोलले. गॅलरीत बसले होते, मला बोलावलं. "बस. काल म्हणलास ते डोक्यात फिरतंय. मला सांग, विमान कशाचं असतं?"

मी म्हटलं, "जुनी तर ॲल्युमिनियमचीच."

"मग? धातूचा काय दोष? त्याचा हिशेब कशासाठी केला ते बघ. आम्हाला सांगितलं होतं, बॉडी हलकी पाहिजे, टिकाऊ पाहिजे, गंजली नाही पाहिजे, लवकर दुरुस्त झाली पाहिजे. ते सगळं आम्ही केलं. गाडी उलटल्यावर आतला माणूस वाचला पाहिजे, हा प्रश्नच कुणी घातला नव्हता. प्रश्न घातला असता तर उत्तर काढलं असतं."

मी नंतर वाचून बघितलं तर काकांच्या बोलण्यात तथ्य होतं. बस उलटते तेव्हा माणसं वाचतात ती खांब आणि टपाच्या कमानींमुळे. जमिनीचा आडवा तुळया, दोन बाजूंचे खांब आणि वरची कमान मिळून एक बांगडी होते. अशा बांगड्या एकामागे एक उभ्या असतात. बांगडी चेपली की टप आसनांवर येतो. ॲल्युमिनियम हलकं असलं तरी तेवढ्याच जाडीच्या स्टीलपेक्षा तिपटीने जास्त लवतं, आणि मऊ पोलाद जसं बरंच वाकून धक्का पचवतं तसं ते पचवत नाही, लवकर फाटतं. ते वापरून मजबूत बांगडी करता येत नाही असं नाही, पण त्यासाठी जाड घडण आणि तसे सांधे लागतात. आता ह्याची रीतसर चाचणी आहे. बस एका तिरक्या होणाऱ्या फलाटावर उभी करतात आणि 800 मिलिमीटर खालच्या जमिनीवर कुशीवर पाडतात. पडल्यावर आसनांभोवतीची ठरवून दिलेली जागा शाबूत राहिली पाहिजे. त्या जागेत खांब घुसला की गाडी नापास. आपल्याकडे बसच्या बॉडीचे असे नियम यायला चालू शतक उजाडलं, आणि ते प्रत्यक्षात लागू होताहोता आणखी बरीच वर्षं गेली. काका नोकरीला लागले तेव्हा असं काही त्यांच्यासमोर नव्हतंच.

लाकडाचा दोष दिसला म्हणून लोखंड आलं. लोखंडाचा दोष दिसला म्हणून ॲल्युमिनियम आलं. ॲल्युमिनियमचा दिसला म्हणून परत लोखंड. (आणि आता गंजाचं काय, तर त्याला लेप-रंग सुधारलेत.) वरवर पाहिलं तर साठ वर्षांत आपण फिरून तिथेच आलो. पण तसं नाही. कुजणं आणि गंजणं हे दोष वर्कशॉपला दिसत होते, खर्चात दिसत होते, म्हणून ते लवकर सुटले. उलटल्यावर चेपण्याचा दोष फक्त प्रवाशाच्या अंगावर दिसत होता. तो सुटायला पन्नास वर्षं लागली. ह्यात काकांचा किंवा त्यांच्याबरोबर पत्रे ठोकणाऱ्या कुणाचा गुन्हा मला दिसत नाही. दोष मोजायची पट्टी कुणाच्या हातात आहे, सगळं त्यावर असतं.

ती पट्टी आजही प्रवाशाच्या हातात नाही. नव्या रिकॉलच्या कायद्यात तक्रार नोंदवायची ती गाडीच्या मालकाने. माझ्या गाडीचा मालक मी, म्हणून मला पत्र आलं. रात्रीच्या स्लीपर बसमध्ये वरच्या बर्थवर झोपलेल्या माणसाला कुणी मालक म्हणत नाही. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅपमध्ये मोटारींना सुरक्षिततेचे तारे मिळतात, लोक शोरूममध्ये तारे विचारतात. ते तारे लहान मोटारींसाठी आहेत. तिकीट काढताना बसचे तारे विचारायची सोयच नाही.

1 जुलै 2023 ची रात्र आठवत असेल. समृद्धी महामार्गावर, जालन्याच्या पलीकडे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली. पडली ती दाराच्या बाजूवर. दार खाली, वर आग. 25 माणसं गेली. त्या बसच्या बांधणीत दोष होता असं मी म्हणत नाही, ते तपासणाऱ्यांचं काम. पण त्या दिवशी काकांचा फोन आला होता, तो आत्ता आठवतो. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता. ते एवढंच म्हणाले होते, "दुसऱ्या बाजूला दार कुठं होतं बघ बरं पेपरात."

असो. पत्रातली तारीख आली तेव्हा मी गाडी घेऊन निघालो. काका म्हणाले, मीही येतो. सर्व्हिस सेंटरमध्ये आपल्याला काचेच्या पलीकडे बसवतात, कॉफी देतात आणि टीव्ही लावतात. काका काही बसले नाहीत. तिथल्या पोराला म्हणाले, "बाळा, मी एसटीत बॉडीला होतो. ते वेल्डिंग मला एकदा बघू दे." पोरगा चांगला होता. गाडी रॅम्पवर उचललेली होती, त्याने काकांना खाली नेलं, बॅटरी हातात दिली. सत्तरीचा माणूस मान वर करून पाच मिनिटं बघत राहिला, सांध्यावरून बोट फिरवलं. मग बाहेर येऊन मला म्हणाले, "चांगलंय. पण त्यांनी बोलावलं ते बरं केलं."

परवा त्यांना सिडको स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागलेली होती, नव्या बॉडीची. काकांनी चढायच्या आधी दाराजवळच्या खांबावर थाप मारली, टपाकडे एकदा बघितलं आणि अर्ध्या तिकिटाच्या सवलतीचं कार्ड काढून आत गेले. खिडकीतून म्हणाले, "जा आता, ऊन झालंय."

मी त्यांची माफी मागितली होती का? गॅलरीत त्या दिवशी पुटपुटलो होतो काहीतरी, त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. म्हणून इथे लिहिलं. चुलत भावंडांपैकी कुणीतरी हे काकांना वाचून दाखवा. आणि जरा मोठ्याने वाचा!